पाळीतला ळ

आसगावात केवळरामला केवळराम म्हणणारं कोणी नव्हतं. आईपासून शाळेच्या गुरुजींपर्यंत सगळ्यांचा तो केवरराम. भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीच्या जिभेला ळ मानवत नाही. तिथे तळ्याचा तरा होतो, वेळेची वेर होते आणि कालव्याच्या पाण्याची पाळी असते तिची पारी होते. त्यात कोणाचं काही अडत नाही. अडलं ते केवळरामचं, आणि तेही पुण्यात गेल्यावर. कंपनीत रुजू झाला त्या दिवशी त्यानं आपलं नाव सांगितलं आणि समोरचे चार जण हसले. मोठ्यानं नाही, सभ्यपणानं हसले, म्हणजे जास्तच लागावं असं. मग वर्षभर हा गडी खोलीतल्या आरशासमोर उभा राहून कमळ, बाभळ, केवळ असं घोकत होता. जीभ वळली. इतकी वळली की पुढे आईशी बोलतानाही ळ नीट यायला लागला, आणि आई त्याच्याशी जरा जपून बोलायला लागली.

त्याची कंपनी स्वतःचे संगणक बनवायची, आणि त्यांच्यावर चालणारा कंपायलर चौऱ्याऐंशी साली केवळरामनं लिहिला होता. कंपायलर म्हणजे माणसाला वाचता येणारा प्रोग्राम घेऊन त्यातून यंत्राला कळणाऱ्या आज्ञा काढून देणारा. माणसाची एक ओळ, यंत्राच्या पाच-दहा आज्ञा. एकदा हे झालं की मूळ ओळी यंत्राच्या लेखी मेल्याच. प्रोग्राम कुठे अडला तर यंत्र नुसता पत्ता सांगतं, अमुक हजाराव्या घरात अडलो. त्या पत्त्याचं माणसानं काय करायचं? म्हणून केवळरामचा कंपायलर आज्ञा काढता काढता मूळ ओळी मोजत जायचा आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या आज्ञेपाशी नोंद ठेवायचा: या पत्त्यापासून ओळ सतरा, त्या पत्त्यापासून ओळ अठरा. नोंदींचा तो तक्ता तयार प्रोग्रामच्या शेपटाला जोडलेला असे. डीबगर नावाचा दुसरा प्रोग्राम तो तक्ता वाचे, एका नोंदीपासून पुढच्या नोंदीपर्यंतच्याच आज्ञा चालवून थांबे आणि पडद्यावर मूळ ओळीपुढे बाण दाखवे. कळ दाबली की बाण पुढच्या ओळीवर. असं पावलापावलानं चालत बिघाडापर्यंत जाता येई. केवळरामला या तक्त्याचा फार अभिमान होता. कंपायलर काय, परदेशी पुस्तकं समोर ठेवून कोणीही लिहिला असता. तक्ता मात्र त्याचा एकट्याचा होता.

सत्त्याऐंशीत कंपनीला भंडारा जिल्ह्यातल्या एका कालव्याचं काम मिळालं. कोणत्या गावाला किती दिवस पाणी सोडायचं, त्या पाळ्यांची यादी संगणकानं काढायची आणि कालव्याच्या दारांवरच्या माणसांनी त्या यादीप्रमाणे दारं उघडायची. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या एका दुकानावरची माडी भाड्यानं घेऊन तिथे यंत्र बसवलं. खाली दिवसभर पितळ ठोकायचे आणि वर ही मंडळी काम करायची. पुण्याहून साहेब आले होते, आणि जिल्ह्याचा माणूस म्हणून त्यांच्या हाताखाली केवळराम.

केवळरामनं इश्वरला कामावर घेतलं. इश्वर आसगावचाच, त्याच्या बरोबरीचा, एका बाकावर बसून शिकलेला. भंडाऱ्यातून बी.एस्सी. झाला आणि नोकरी नाही म्हणून परत धानाच्या बांध्यांत, बांध घातलेल्या शेततुकड्यांत, उतरला. डोकं मात्र तल्लख. दोन महिन्यांत प्रोग्राम लिहायला शिकला, आणि कालव्याचं कोणतं दार गंजलेलं आहे, कोणत्या गावाला पाणी पोचायला दीड दिवस जास्त लागतो, हे तर त्याला तोंडपाठच होतं. ओळींच्या तक्त्याची गोष्ट केवळरामनं सांगितली तेव्हा तो एका दमात समजला.

"म्हंजे हरेक बांधीच्या धुऱ्यावर खुटी ठोकत जाचं," तो म्हणाला. "मंग कोनीबी इचारलं का पानी कोनत्या बांधीत फुटलं, त खुटी पाहून सांगता येते. पन खुटी एक जागा सरकली का दुसऱ्याच्याच नावानं बोंब होईन ना बा."

"सरकत नाही," केवळराम म्हणाला. "मी मोजली आहे."

त्या वर्षी कंपनीनं यंत्रात देवनागरीची नवी सर्किटची पट्टी घातली होती. पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची. प्रोग्राममध्ये माणसानं माणसासाठी टिपा लिहायच्या असतात, त्यांना कॉमेंट म्हणतात. उघडणारी खूण आणि मिटणारी खूण यांच्या मधलं सगळं यंत्र वाचून सोडून देतं. सगळे त्या इंग्रजीत लिहायचे. इश्वरनं पहिल्यांदा मराठीत लिहिल्या, आणि लिहिल्या त्या बोलतो तशा. 'इथून शेवटच्या गावाची पारी.' 'तरा भरला असन त ही वेर सोडून देने.' पाण्याचा प्रोग्राम कोणत्याही अडाण्याला समजावा अशा टिपा होत्या त्या.

साहेबांना शुद्धलेखनाची बाधा होती. दुकानांच्या पाट्यांतल्या वेलांट्या ते रस्त्यात उभं राहून सुधारायचे. ऑगस्टमध्ये एका दुपारी हिशेबाच्या आपल्या चार-दोन ओळी जोडायला म्हणून त्यांनी इश्वरची फाइल उघडली.

"पारी?" साहेब म्हणाले. "केवळराम, हे काय आहे? पारी म्हणजे काय, तरा म्हणजे काय? हे सरकारला दाखवायचंय हो."

आणि साहेब स्वतः खुर्ची ओढून बसले. पारीची पाळी केली, वेरची वेळ केली, तऱ्याचं तळं केलं. मागे केवळराम उभा होता. इश्वर बाजूला हात बांधून उभा होता, शाळेत पट्टी खाण्यासाठी उभं राहतात तसा. केवळराम हसला. सभ्यपणानं हसला. पुण्यात शिकलेल्या गोष्टींपैकी ही एक.

प्रोग्राम पुन्हा कंपायलरमधून काढला. एकही चूक निघाली नाही. कॉमेंटीत चूक निघतेच कशाला?

त्या वर्षी पावसानं दगा दिला. सप्टेंबरच्या शेवटी धान निसवायला लागलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडू लागल्या, आणि तेव्हाच पाणी हवं होतं. त्या आठ-दहा दिवसांत दाणा भरला नाही तर लोंबी नुसती दिसायलाच उरते. प्रोग्रामनं चौथ्या पाळीची यादी छापायला घेतली, एकतीस गावं छापली आणि मध्येच बंद पडला. शेवटची सहा गावं कागदावर आलीच नाहीत. नेहमीसारखा कागद फाडून कारकुनानं पुढे पाठवला. यादी अर्धवट आहे हे कोणाच्या ध्यानात यावं? कागद संगणकाचा होता. दारावरचे लोक कागदाप्रमाणे चालले. आसगाव शेवटच्या सहांत होतं. माणसं दारावर जाऊन भांडली तर त्यांना सांगण्यात आलं, तुमचं नाव यादीत नाही. नऊ दिवसांनी घोटाळा कळला, तोपर्यंत वर जलाशयात सोडण्याजोगं पाणी उरलं नव्हतं. सहा गावांचं धान पोचट गेलं.

चौकशी लागली. साहेबांनी प्रोग्राम डीबगरमध्ये चालवला. तो जिथे पडला तिथे बाण आला: ओळ दोनशे बारा, शून्यानं भागाकार. दोनशे बारावर खरंच एक भागाकार होता. एका गावाचं पाणी त्याच्या दारांच्या संख्येनं भागलेलं. ओळ इश्वरची, दारांचे आकडेही इश्वरनंच भरलेले. साहेबांनी अहवाल लिहिला आणि तो केवळरामपुढे सरकवला. कंपायलर तुमचा, तक्ता तुमचा, तेव्हा ओळ बरोबर असल्याची सही तुमची. केवळरामनं सही केली. तक्ता खोटं बोलत नाही, याची त्याला स्वतःच्या नावापेक्षा जास्त खात्री होती.

दुसऱ्या दिवशी इश्वरला काढलं. जाताना तो जिन्यात केवळरामला म्हणाला, "दाराचे आकडे मी तीनदा तपासले होते रे. आसगावची दोन दारं हायेत. लहानपनापासून पाहून राहिलो ना मी. शून्य कुठून आलं?"

केवळराम म्हणाला, "होतं असं कधी कधी."

पण ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. रविवारी दुपारी, खालचं दुकान बंद असताना, तो माडीवर आला आणि प्रोग्राम डीबगरमध्ये घालून पडण्याच्या जरा आधीपासून एकेक पाऊल चालवू लागला. दोनशे बारापाशी थांबून दारांची संख्या विचारली. यंत्रानं सांगितलं, दोन. दोननं भागून कोणताही प्रोग्राम पडत नाही. केवळराम जरा सावरून बसला. थोडा मागे जाऊन पुन्हा चालू लागला, आणि आता त्यानं जे आधीच बघायला हवं होतं ते बघितलं. बाण एका कोऱ्या ओळीवर थांबला. मग एका कॉमेंटवर थांबला. कोऱ्या ओळीतून आज्ञा निघत नाही, कॉमेंटमधून तर नाहीच नाही. तिथे नोंदच नसते, मग बाण थांबेल कसा? सगळ्या खुट्या सरकलेल्या होत्या. किती? त्यानं मोजलं. सहा.

सहा कशाच्या? हे शोधायला त्याला तासभर लागला, आणि सापडलं तेव्हा तो एकटाच माडीवर हसला. या हसण्यात सभ्यपणा नव्हता. नव्या पट्टीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक होता. ळचा क्रमांक एकशे अडतीस. केवळरामनं कंपायलर लिहिला तेव्हा यंत्रात फक्त इंग्रजी अक्षरं यायची, ती सगळी एकशे अठ्ठावीसच्या आतली; त्याच्या वरचं काही आलं तर तारेतली घाण समजून एकशे अठ्ठावीस वजा करायचे, ही तेव्हाची रीत. त्यानंही तेच केलं होतं. मराठीत कोणी यंत्राला काही लिहून देईल हे त्या मराठी माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकशे अडतीसमधून एकशे अठ्ठावीस गेले, उरले दहा. आणि दहा म्हणजे यंत्राच्या भाषेत ओळ संपली.

कॉमेंटमध्ये ळ आला की केवळरामचा कंपायलर एक ओळ जास्त मोजत होता. पाळी, पाळी, वेळ, तळं, पाळी, वेळ. दोनशे बाराच्या वर बरोबर सहा ळ होते, सहाही साहेबांनी स्वतःच्या हातानं घातलेले. इश्वरच्या पारीनं आणि वेरनं तक्त्याचा केसही वाकडा झाला नव्हता. खरी ओळ दोनशे सहा. तिथे साहेबांनी लिहिलेला भागाकार होता, कालव्यात उरलेल्या पाण्यानं भागलेला, आणि शेवटच्या गावांपाशी येईस्तोवर उरलेलं पाणी शून्य झालं तर काय, हे बघायची तसदी साहेबांनी घेतली नव्हती.

केवळरामनं सगळं एका कागदावर लिहून काढलं आणि सोमवारी साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी तो दोनदा वाचला. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"द्या ना वर पाठवून," साहेब म्हणाले. "मी अडवत नाही तुम्हाला. दोनशे सहा माझी, हे बेलाशक लिहा. पण मग ओळींचा तक्ता चुकतो हेही लिहावं लागेल. तुमचा कंपायलर अकरा ठिकाणी चाललाय. अकरा जण विचारतील, आमच्याकडे आजवर कोणाकोणाची ओळ चुकीची दाखवली? तुम्ही सही करून दिलीय त्या अहवालावर. परवाच तुमची पुण्याची ऑर्डर आलीय, कंपायलरचा सगळा विभाग तुमच्याकडे. ती मी अजून टेबलावरच ठेवलीय." त्यांनी कागद परत केवळरामपुढे सरकवला. "इश्वरचं काय, घरी शेती आहे त्याची. आणि केवळराम, ळमुळे तक्ता घसरला, हे पुण्यात ऐकून लोक काय म्हणतील, याचाही विचार करा. हसतील हो."

हे शेवटचं वाक्य साहेब सहज बोलून गेले की नेम धरून बोलले, कोण जाणे. पण ते बरोबर लागलं. नोकरीची भीती एखादा माणूस जिरवू शकतो. पुन्हा ते चार जण, पुन्हा तेच सभ्य हसू, आणि या वेळी कारण आधीपेक्षा भारी: केवररामचा ळ चुकला. केवळरामनं कागद घडी करून खिशात घातला. दुपारी कंपायलरमधली वजाबाकीची ती एक ओळ काढून टाकली आणि प्रोग्राम नव्यानं काढला. बाण दोनशे सहावर आला. कोणाला न सांगता त्यानं तोच कंपायलर सगळीकडे पाठवायची तजवीज केली, सुधारित आवृत्ती म्हणून.

आठवड्यानं आसगावच्या पाणी कमिटीनं कंपनीला गावात बोलावलं. साहेब म्हणाले, तुमचंच गाव आहे, तुम्हीच जा. केवळराम एस. टी.नं निघाला तेव्हा कागद खिशात होता. त्यानं मनाशी ठरवलं होतं की गावात जाऊन वाचायचा, तिथे कोणी हसणारं नाही. खरंच ठरवलं होतं. भंडाऱ्यापासून आसगावपर्यंत त्यानं पहिलं वाक्य दहा वेळा जुळवलं.

इश्वर तलावाच्या बांधावर त्याची वाट बघत उभा होता. तब्येत उतरली होती. रामराम झाला, आईची विचारपूस झाली, आणि मग त्यानं सरळच विचारलं.

"एक सांग केवर. तू सोता चालवून पाह्यलं का? एक एक ओर?"

"पाह्यलं."

"मंग?"

वाक्य ओठावर होतं. केवळरामनं तलावाकडे पाहिलं. पाणी आटून कडेला चिखल पडला होता. त्याच्या पलीकडे आसगावच्या बांध्या, उभ्या धानाच्या, लांबून पाहणाऱ्याला पिकलेल्या वाटाव्या अशा.

"दोनशे बारा," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. यंत्रानं दोनशे बाराच दाखवलं होतं.

इश्वरनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, उलट ओझं उतरल्यासारखा दिसला. "बस. म्या मनात म्हनत होतो का साहेबानंच काई केलं असन. लोकाच्या पाठीमागं असं मनात आनू नाही. तू पाह्यलं न, मंग माहीच चूक."

सभा शाळेच्या पटांगणात भरली. देवाजी, कमिटीचा म्हातारा अध्यक्ष, पुढे बसला होता. त्याच्या हातात धानाची एक लोंबी होती आणि तो ती नुसती चोळत होता. दाणा पडत नव्हता, भुसाच पडत होता. केवळरामला कोणी काही विचारायच्या आत इश्वर उभा राहिला.

"कंपनीचं काई नाही," तो म्हणाला. "प्रोग्राम म्या लिवला होता. माह्याच ओरीत चूक झाली. केवररामनं यंत्रात एक एक ओर चालवून पाह्यली, माहीच निंघाली. सहा गावचं धान माह्यानं गेलं. मले जे म्हनाचं ते म्हना."

देवाजीनं केवळरामकडे पाहिलं.

"केवरराम, बरोबर हाय का हे?"

पटांगणात दीडशे माणसं असतील. चुलते, मामा, शाळेत याच्या पुढे-मागे बसलेले. खिशातल्या कागदावर केवळरामचा हात गेला आणि तिथेच राहिला.

"हो काकाजी," तो म्हणाला.

देवाजीनं हात झटकला, भुसा खाली पडला. "पानी कमिटीत इश्वरचं नाव होतं, ते काढून टाका मंग," तो शेजारच्याला म्हणाला. "आनि याच्यापुढं पान्याच्या कागदाले त्याले हात लावू देऊ नोका." सभा संपली. लोक इश्वरच्या अंगावरून गेले, पण त्याच्याशी बोललं कोणी नाही. झाडीपट्टीत माणसं भांडतात तोवर ठीक असतं.

इश्वरनं केवळरामला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. घरात त्याच्या बायकोनं, रत्नाबाईनं पाट मांडला, ताट वाढलं. ती सभेला आलेली नव्हती, पण सगळं तिच्या कानावर आलं होतं. वाढता वाढता तिनं विचारलं. आवाजात काही नव्हतं, सरळ विचारावं तसं विचारलं.

"भाऊजी, तुमचं यंत्र चुकत नाही का कधी?"

"असं इचारू नाही," इश्वर तिला म्हणाला. "त्यानं बनवलं हाय ते."

"इचारून राहिली फक्त," ती म्हणाली. "रातभर झोपत नाही हे. निजल्या निजल्या आकडे म्हनते. म्हनून इचारलं."

"नाही वहिनी," केवळराम म्हणाला. "चुकत नाही."

रत्नाबाईनं मान हलवली आणि भात वाढला. यंदाचं धान घरात येणार नव्हतं. कोठीत गेल्या वर्षीचा तांदूळ होता, तोही तळाशी लागलेला, आणि त्यातलाच तिनं पाहुण्यासाठी काढला होता. केवळरामनं तो खाल्ला. तिनं आणखी वाढू का विचारलं तेव्हा त्यानं ताट पुढे केलं.